तेरा चौकोन

आमच्या ट्यूटर बाई गणिताच्या वहीतले चौकटींचे कागद उभे कापून त्यांच्या लांब पट्ट्या करत. एका विद्यार्थ्याची एक पट्टी, एक चौकोन म्हणजे एक आठवडा. मेडिकल वॉर्ड निळा, सर्जिकल हिरवा, रात्रपाळी लाल. आमचा सगळा अभ्यासक्रम त्यांच्या टेबलावर असा पट्ट्यापट्ट्यांनी पडलेला असे. शनिवारी दुपारी ड्यूटी सुटली की त्या आम्हाला एकेकाला आत बोलावत. वर्गामागच्या त्या खोलीत बँडेजचं कपाट होतं, एक हात तुटलेला सांगाडा होता आणि दोन खुर्च्या. बाई पट्टी पुढे सरकवत आणि पेन्सिल आमच्या हातात देत. कुठे कमी पडतोस, कुठल्या वॉर्डात जास्त राहायला हवंस, हे बोलून ठरवायचं आणि ठरलं की आपले चौकोन आपणच रंगवायचे. "पेन्सिलीनंच," त्या प्रत्येकाला बजावत. "खोडता आलं पाहिजे."

त्या शनिवारी माझ्या पट्टीवरचे शेवटचे तेरा चौकोन रिकामे होते, आणि ते भरायला मी नकार दिला.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. धुळ्याच्या त्या नर्सिंग शाळेत आमच्या वर्गात मुलगे सहाच. शेवटच्या वर्षी मुली बाळंतपणाच्या वॉर्डात जात. तिथे पुरुषांना मज्जाव. मग मुलग्यांचे तेवढे आठवडे कशानं भरायचे? तर मनोरुग्णालयानं. शाळेच्या कागदांत ते मनोरुग्णालय होतं, आमच्या तोंडी वेड्यांचं इस्पितळ. दूरच्या एका शहरात तेरा आठवडे. तिथे विद्यार्थ्यांना राहायला दोन खाटांची एकच खोली होती, त्यामुळे एका वेळी दोघेच जायचे. एकट्याला ते घेत नसत.

"पहिली जोडी तुझी आणि त्या रावेरकडच्या मुलाची लावते आहे," बाई म्हणाल्या.

"मीच का?"

"तुला बोलता फार येतं. तिथे पहिले दोन आठवडे नुसतं बसून बघायचं असतं. ते तुला येत नाही."

"आणि त्याला काय येत नाही?"

"ते त्याला विचार."

मी पेन्सिल टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ फेकलीच. ती घरंगळत सांगाड्याच्या पायाशी गेली. बाईंनी ती उचलली नाही आणि मीही उचलली नाही.

माझे वडील अमळनेरला एका लहान छापखान्यात खिळे जुळवत. त्या छापखान्याचं निम्मं काम गिरणी कामगारांच्या पत्रकांचं. घरात कोरी वही कधी आली नाही. फसलेल्या पत्रकांच्या पाठी शिवून वडील वही करत. एका बाजूला माझे पाढे, दुसऱ्या बाजूला जाहीर निषेध. 'निषेध' हा शब्द मी 'नमस्कार'च्या आधी वाचायला शिकलो. कुठेही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार व्हायचा, विचार मागून यायचा. तेव्हा मला हे भूषण वाटायचं.

त्या दिवशी पांझरेच्या पुलावरून देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांकडे जाताना मथळा तयार झालाच. आम्ही परिचारक आहोत, पहारेकरी नाही!

रविवारी सकाळी मी एका बैठकीत अर्ज लिहून काढला. आमच्या आधी जाऊन आलेला एक विद्यार्थी सांगत असे की तिथे मुलग्यांना शिकवत कोणी नाही, उठलेल्या रुग्णाला दाबून धरायला तेवढं बोलावतात. ते मी लिहिलं. पुरुषाला बाळंतपणाची विद्या नाकारायची आणि वर शिक्षा म्हणून तेरा आठवडे वेड्यांत कोंडायचं, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की आमच्यापैकी एकही जण ही सक्ती मान्य करणार नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यानं त्या खोट्या ठरत नाहीत.

सह्या गोलात घ्यायच्या हे मला वडिलांच्या ओळखीच्या कामगारांनी शिकवलं होतं. अर्जाखाली नावं एकाखाली एक आली की मालक पहिल्याला बोलावतो आणि शेवटच्याला फोडतो. म्हणून मध्ये वाटी ठेवून वर्तुळ काढायचं आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सह्या करायच्या. पहिला कोण ते कळत नाही. मी आमटीची वाटी धुऊन आणली.

आम्ही सहाही जण त्या दोन खोल्यांत राहत होतो. पाच सह्या पटापट झाल्या. सहावा रावेरकडचा, ज्याला आम्ही केळीवाला म्हणायचो, तो कागद हातात घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"एवढं काय शे त्यामा वाचाले?" साक्रीचा एक जण ओरडला. "बठ्ठास्नी सही व्हई गई, तू एकलाच राहिना."

"मले वाचू तं दे, भो."

"वाच वाच," आणखी एक जण म्हणाला. "केळीचा घड नाही तो, वास घेऊन पिकला का बघायला."

सगळे हसले. तो वाचत राहिला. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. मला बसवत नव्हतं. मला त्याची सही हवी होती आणि ती आत्ता हवी होती.

"हे दाबून धरायचं लिहिलं, ते खरं आहे?" त्यानं विचारलं.

"जाऊन आलेल्या माणसानं सांगितलंय."

"तं मंग बरोबर लिहिलं तू," तो म्हणाला. "पन 'एकही जण' असं लिहिलं."

"मग? तुला जायचंय का तिथे?" मी म्हणालो. "जायचं असेल तर सांग. पाच जणांचा अर्ज करतो. खाली टीप टाकतो, सहावा शहाणा आहे."

पुन्हा हशा झाला. त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वर्तुळात उरलेल्या जागेत सही केली. ती जागा अरुंद होती. त्याची अक्षरं दाटीनं आली.

सोमवारी बाईंनी तो अर्ज वर्गात, सगळ्यांसमोर हातात धरला आणि सही वाचण्यासाठी गोल फिरवला. एकदा, दोनदा. मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"यात पहिला कोण?"

मी छताकडे बघत होतो.

"मग मी बोलू कोणाशी?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी एकेकाशी बोलून हे ठरवलं होतं. या कागदाला तोंडच नाही."

गुरुवारी निकाल कळला. या खेपेला मुलगे मनोरुग्णालयात जाणार नाहीत. त्यांचे तेरा आठवडे ऑपरेशन थिएटर आणि अपघात विभागात भरले जातील. पहिल्या जोडीची नावं येत्या सोमवारच्या टपालानं गेली नाहीत तर आमच्या शाळेच्या जागा दुसऱ्या जिल्ह्याच्या शाळेला मिळतील. म्हणजे आम्ही जिंकलो होतो. त्या दुपारी खोलीवर भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. साक्रीवाल्यानं मिरचीचा ठेचा इतका जाळ केला की सगळे रडत रडत जेवले. केळीवाल्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि युनिफॉर्म धुवायचे आहेत म्हणून नदीवर गेला. युनिफॉर्म त्यानं आदल्याच दिवशी धुतले होते.

माझ्या ते लक्षात आलं होतं. पण विजयाच्या दिवशी अशी गोष्ट लक्षात ठेवायची नसते, मी ती बाजूला सारली. तरी चैन पडत नव्हतं. जिंकल्यावर शांत वाटतं असा माझा समज होता.

शनिवारी मी बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी माझी पट्टी दिली, पेन्सिल दिली. थिएटरचा रंग पिवळा. मी पहिला चौकोन रंगवायला घेतला आणि टेबलावर बाजूला केळीवाल्याची पट्टी दिसली. इतर सगळ्यांच्या पट्ट्या पेन्सिलीच्या. त्याचीही तशीच, शेवटच्या तेरा चौकोनांपर्यंत. ते तेरा चौकोन मात्र शाईनं भरले होते. बारीक निबेनं, एक रेघ बाहेर न जाऊ देता, काळजीनं. बाईंनी ते ब्लेडनं खरवडायचा प्रयत्न केलेला दिसत होता. एका ठिकाणी कागद पातळ होऊन फाटला होता.

"हे काय?"

"बघतोस की."

"यानं शाईनं का भरलं? तुम्ही भरू दिलं?"

"गेल्या शनिवारी पेन्सिल देत होते, त्यानं घेतली नाही."

"पण यानं तर सही केली आमच्या अर्जावर!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "एका कागदावर हे आणि एका कागदावर ते. आणि दुसऱ्या कागदावर तर लिहिलंय, एकही जण. मी कुठला कागद खरा धरू?"

"त्याला विचारायचं."

"विचारलं. तो म्हणाला, सही केली ती केली. का जायचं होतं, ते तो मला एकदा बोलला आहे. ते माझ्याकडून तुला कळणार नाही."

मी तसाच उठलो. पिवळा चौकोन अर्धाच राहिला.

तो एसटी स्टँडवर होता. रविवारची सुटी धरून घरी निघाला होता. मी काय विचारायचं हे ठरवलं नव्हतं. जळगावची गाडी लागली आणि तो चढला तसा मीही चढलो.

"तू कुठी?"

"तुझ्या घरी."

त्यानं पिशवी मांडीवर घेऊन जागा केली. "चाल," म्हणाला. जळगावपर्यंत तो एवढंच बोलला. जळगावला दुसरी गाडी धरली तेव्हा मी त्या शाईचं विचारलं, आणि तेव्हाही तो म्हणाला, "घरी जाऊ. मंग पाह्य."

त्याचं गाव केळीच्या बागांत बुडालेलं होतं. रस्ता कुठे संपतो आणि पानं कुठे सुरू होतात ते कळू नये असं. घर पक्क्या बांधणीचं, मोठं. त्याच्या आईनं पाणी दिलं, वडिलांनी, ज्यांना गाव नाना म्हणत होतं, बसायला घोंगडी टाकली.

"तुम्ही बी जाता ना याच्यासंगे?" नानांनी मला विचारलं. "त्या मोठ्या दवाखान्यात. यानं सांगलं होतं, दोघं जातात म्हने."

मी मित्राकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. जाणं रद्द झाल्याचं त्यानं घरी सांगितलेलं नव्हतं.

"बरं झालं," नाना म्हणाले. "दोघं असले तं जीव लागते."

मग तो मला मागच्या ओसरीवर घेऊन गेला. तिथे त्याची थोरली बहीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिशीची असेल. मांडीवर केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट, आणि ती त्याचे दोरे काढत होती. एक काढायचा, बाजूला ठेवायचा, पुन्हा दुसरा. बाजूला दोऱ्यांचा ढीग झाला होता. तिच्या दोन्ही मनगटांवर कातडी काळवंडून जाड झाली होती. तसा वण मी वॉर्डात बघितला होता. दोरीचा वण.

"अक्का," तो म्हणाला. तिनं वळून बघितलं नाही.

त्यानं एक केळं सोललं, तिच्या हाताला लागेल असं ठेवलं आणि मला खांद्याला धरून फिरवलं. "पाहू नको. पाह्यलं तं खात नही."

आम्ही दोघं बागेकडे तोंड करून उभे राहिलो. मागे सोपटाचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तो वळला, साल रिकामी होती.

तेवढ्यात तिनं मान फिरवून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि मी मागे सरलो, इतका की पायाशी ठेवलेली घागर लवंडली आणि पाणी ओसरीभर झालं. मी पाय कापताना धरून उभा राहिलेला विद्यार्थी, जळालेल्या बाईचं ड्रेसिंग केलेला. एका बाईनं बघितलं म्हणून घाबरलो. तेव्हा मला कळलं की माझ्या त्या अर्जात एक कारण लिहायचं राहून गेलं होतं, आणि ते सगळ्यांत आधीचं होतं.

संध्याकाळी बांधावर बसून त्यानं सांगितलं. दर अमावास्येला नाना तिला एका देवस्थानाला नेत. तिथे खांबाला बांधत, आणि भगत अंगातलं काढायचा. सहा वर्षं हे चाललं होतं. या दिवाळीत तो वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मला शाळेतून मोठ्या वेड्यांच्या दवाखान्यात शिकायला पाठवणार आहेत. मी शिकून येईपर्यंत हिला बांधू नका. नाना मोठे हट्टी माणूस. पण कबूल झाले. तू येशील तवलोक नेत नाही, म्हणाले. दोन अमावास्या तशा गेल्या होत्या.

"आणि तू नाही गेलास तर?"

"तं नेतील. त्यांनी सबूद दिला तो माह्या जाण्यावर दिला."

"मग तू सही का केलीस? सांगायचंस ना!"

"काय सांगू? पाच जणांत? घरी अशी बहीन आहे म्हणून? धाकटीची सोयरीक चाल्लीय." मग तो म्हणाला, "आन् तू बरोबर लिहिलं होतं. दाबून धरू नही. मी वाचलं, मले अक्काच दिसली. बरोबर लिहिलेल्यावर सही करायची नही तं कशावर करायची?"

मी उठलो, बांधावरून चालत टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तो म्हणाला, "बस की रे." बसता येत नव्हतं. मला त्याचा राग आला होता, नानांचा, भगताचा, त्या वाटीचा. पत्रक कुणाविरुद्ध काढायचं ते काही सुचत नव्हतं.

सोमवारी सकाळी ड्यूटीच्या आधी मी बाईंच्या खोलीत गेलो.

"त्या वर्तुळात पहिली सही माझी."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," बाई म्हणाल्या. "नऊ उद्गारचिन्हं होती. या शाळेत दुसरं कोण एवढी वापरतं?"

"मग मला एकट्याला का नाही बोलावलंत?"

"बोलवायला माणूस समोर यावा लागतो. मी वर्गात विचारलं होतं. तू छत बघत होतास."

मी म्हणालो, त्याला जाऊ द्या, तो एकटा जाईल, एका खाटेवर राहील, मी हवं तर तिथल्या अधीक्षकांना पत्र लिहितो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दोघे, नाहीतर कोणी नाही. बाकीच्या चौघांना मी विचारू शकत नाही. ते तुझ्या शब्दावर अडले आहेत. टपाल बाराला जातं."

त्यांनी माझी पट्टी काढली. अर्ध्या पिवळ्या चौकोनावर खोडरबर फिरवला, फुंकर मारली आणि पेन्सिल पुढे केली.

"म्हणजे अर्जातलं सगळं मी मागे घ्यायचं?" मी विचारलं. "तिथे खरंच दाबून धरायला लावलं तर? खरंच शिकवलं नाही तर?"

"मागे घे असं कोण म्हणालं? तुझ्या निम्म्या मागण्या मला मान्य आहेत. पण वर्तुळाला उत्तर पाठवता येत नाही कुणाला. सरळ लिही, खाली एक नाव घाल. नावांच्या यादीबरोबर तोही कागद जाईल."

मी त्या टेबलावर उभ्यानंच लिहिलं. जबाबदार परिचारिका हजर नसताना विद्यार्थ्यांना रुग्णाला धरून ठेवायला सांगू नये. आठवड्याला निदान दोन तास शिकवावं. रुग्णाला बांधून ठेवायचं असेल तर का, ते आम्हाला समजावून सांगावं. खाली माझं नाव. कागदाच्या तळाशी एकटंच ते नाव फार लहान दिसत होतं. बाईंनी वाचलं, दोन उद्गारचिन्हं खोडली आणि घडी घातली.

मग मी तेरा चौकोन भरले. मनोरुग्णालयाला बाईंनी रंगच ठरवला नव्हता. मी साध्या पेन्सिलीनं भरले. रेघा बाहेर गेल्या.

खोलीवर कळलं तेव्हा साक्रीवाला उठून उभा राहिला.

"वाटी तूच आणलीस," तो म्हणाला. "वर्तुळ तूच काढलंस. आणि आता चाकातला आरा तूच काढून नेतोस?"

"हो."

"का पण?"

ते मला सांगता येत नव्हतं. ते माझं नव्हतंच सांगायला. केळीवाला कोपऱ्यात ट्रंक भरत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि हात थांबला होता.

"फितूर," साक्रीवाला म्हणाला. "जा. वेड्यांत शहाणा ठरशील तू." आम्ही निघेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. नंतरही नीट कधी नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

आठवड्यानं आम्ही धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसलो. पुढची मोठी गाडी तिथून धरायची होती. डबा जवळजवळ रिकामा होता. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एकदा या खिडकीशी, एकदा त्या. पाणी प्यायलो, ट्रंकेची कडी बघितली, तिकिटं बघितली, पुन्हा बघितली. दाराशी जाऊन उभा राहिलो आणि परत आलो.

"अमावास्या कधी आहे?" मी विचारलं.

"परवा."

"नानांनी..."

"पत्र आलं काल. नेत नही म्हने."

मी समोर बसलो. त्यानं पिशवीतून एक केळं काढलं, सोललं, सालीसकट बाकावर माझ्या बाजूला ठेवलं, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं होती, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी तो बघत राहिला.

मला राग आला. मी काय रुग्ण आहे? तसं म्हणायला तोंड उघडलंही. मग मिटलं. चाळीसगावच्या अलीकडे गाडीचा वेग कमी झाला तेव्हा ते केळं मी खाल्लं. तो वळला नाही.